काळ्या फळीवरचा म्हातारा

अहेरीच्या बाजारात एका पोरीनं अस्वलिणीचा कान ओल्या फडक्यानं पुसून काढला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खोटं वाटत असेल तर त्या कानालाच विचारा. तो आजही दुसऱ्या कानापेक्षा जरा उजळ आहे.

गुलाम रसूलचं काचेचं दुकान बाजाराच्या तोंडाशी आहे. खिडक्यांच्या काचा, आरसे, फोटोच्या फ्रेमा. दुकानासमोर एक बाकडं, आणि बांबू डेपोची चौकीदारी सुटल्यापासून त्या बाकड्यावर मी, पत्रू. चहा रसूलचा, गोष्टी माझ्या. रसूल काच कापत ऐकतो आणि मी वाघाच्या मिशीला लटकून नदी पार केली की तो फक्त एवढंच म्हणतो, "मागच्या वेळी शेपटीले लटकला होता तू, पत्रू."

त्या दिवशी रसूल जेवायला घरी गेला होता आणि दुकानात त्याची मुलगी निशात बसली होती. लग्नसराईत ती घरोघरी नवरीची मेंदी काढायला जायची, एरवी बापाचं दुकान सांभाळायची. चैत्रातली दुपार, मोहफुलांच्या वासानं सगळं गाव सुस्त झालेलं... आणि एक पोरगा वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकोनी फळी घेऊन पायरी चढला. बसस्टँडजवळचा मोबाईल दुरुस्तीवाला मुबीन. दाट काळे केस, नवीनच ठेवलेली काळी दाढी, कपाळावर ते बारीक कामाचं भिंग तसंच बांधलेलं. डाव्या भुवईत एक बारीक रेघ, तिथं केस उगवतच नाहीत. लहानपणी सायकलवरून पडला होता.

"काच लावायची आहे," म्हणत त्यानं फळी ठेवली आणि फोन वाजला म्हणून पाठ फिरवली.

निशातनं कागद काढला. आत काळीकुट्ट फळी. चुलीमागं ठेवलेली असावी तशी. काचवाल्याच्या मुलीचा हात तो, काच लावायच्या आधी पुसायचं एवढंच त्याला ठाऊक. तिनं फडकं ओलं केलं आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.

"अरे अरे अरे... कान!"

"कोणाचा कान?"

"तिचा! माझ्या अस्वलिणीचा!"

निशातनं फडक्याकडं पाहिलं. ते काळं झालं होतं. मग पहिल्यांदा फळीकडं नीट पाहिलं, आणि तिचा हात तसाच राहिला. काळ्यातून एक अस्वलीण तिच्याकडं बघत होती. नाकावर ओल, ओठाला चिकटलेलं मोहाचं फूल, छातीवर तो पांढरा पट्टा. मी बाकड्यावरून उठून पाहायला गेलो तर तिनं श्वास घेतला. अस्वलिणीनं हो, निशातनं नव्हे. माझं कुत्रं ते चित्र पाहून जे पळालं ते सिरोंच्याला जाऊन थांबलं, आणि परत आलं तेव्हा तेलुगूत भुंकत होतं.

"हा फोटो नाई?" निशात म्हणाली.

"फोटो काऊन राहीन? ब्लेडनं अन् सुईनं कोरलं मी हे."

"मंग पुसू नका म्हणून सांगावं ना जी."

"चित्राले ओल्या फडक्यानं कोण पुसते?"

"काचवाल्याची पोट्टी पुसते. आत धूळ राह्यली तर गिऱ्हाईक मलेच बोलते." तिनं पुसलेला कान वाकून पाहिला, मग डोळे वर केले... आणि ते जरा जास्तच वेळ वर राहिले. "जाऊ द्या ना. एका कानानं ऐकन ते. अस्वलांले तसंही कमीच ऐकू येते म्हणतात."

"खरं आहे," मी म्हणालो. "आलापल्लीच्या जंगलात एका अस्वलाले मी रस्ता विचारला होता. तीनदा ओरडा लागलं."

मुबीनला हसायचं नव्हतं. पण हसला.

असल्या चित्राला म्हणतात स्क्रॅचबोर्ड. मला तो शब्द बोलायला आठवडा लागला, तुम्ही एका दमात वाचलात. मुबीन फळी स्वतःच तयार करायचा. हार्डबोर्डवर पांढऱ्या मातीचा डिंक घालून लेप, तो घासून काचेसारखा गुळगुळीत, आणि त्यावर काळ्या शाईचे थर. मग काळ्यात ब्लेड चालवायची.

"आपण काळं काढत नाई," त्यानं निशातला समजावलं, "आपण उजेड काढतो. जिथी ब्लेड लागली तिथी पांढरं. एकदा कोरलं की खोडता येत नाई."

"अन् हा कान?"

"त्याच्यावर शाईचा हात मारा लागते. मंग पुन्हा कोरायचा."

"किती दिवस?"

"शाई वाळन तवा."

आता चैत्राच्या उन्हात आमच्या अहेरीला धुतलेलं लुगडं दोरीपर्यंत पोचायच्या आत वाळतं. पण मुबीनची शाई काही वाळेना! रोज दुपारी तो आपल्या दुकानाचं शटर ओढून रसूलच्या दुकानात यायचा, त्या कानावर फुंकर घालायचा आणि म्हणायचा, "ओलीच हाये अजून." निशात बोट लावून बघायची आणि म्हणायची, "हो ना... ओलीच हाये." बोट कोरडं. कधी 'तुमी'चं 'तू' झालं ते त्या शाईलाच माहीत.

पण एक गोष्ट निशातला सलू लागली. मुबीन त्या अस्वलिणीशी बोलायचा. काम करताना हळूच पुटपुटायचा — "थांब माय, हलू नको... अशी." तिच्या नाकावर फुंकर, गालावरच्या केसांवर मऊ ब्रश. निशात समोर बसून मेंदीच्या कोनाचं टोक उगीच कापत राहायची.

"तिच्या डोळ्याले किती दिवस लागले?"

"आठवडा गेला असन."

"आठवडाभर तिच्या डोळ्यांत पाह्यलं तू?"

"पाह्यल्याशिवाय जिवंत नाई होत ना."

"मंग लग्नच कर तिच्याशी." निशातनं कोन बाजूला ठेवला. "मेंदी मी काढून देतो. पंजे मोठे हायेत, कोन जास्त लागतील."

"तू जळून राह्यली का?"

"अस्वलावर? मी?" ती उठली, आरसा पुसला. पुसलेलाच आरसा पुन्हा पुसला. आरशात मुबीन दिसत होता आणि मुबीनच्या पुढ्यात ती केसाळ बया. मी बाकड्यावर डोळे मिटून झोपलो होतो, त्यामुळे मला सगळं स्पष्ट दिसत होतं.

याच सुमारास गोंडपिपरीहून अनस यायला लागला. बापाची राईस मिल, बुडाखाली जीप, खिशात कंगवा. केस असे की वारा सुटला तर आधी त्यांची परवानगी घेत असावा. पहिल्यांदा तो मोठा आरसा न्यायला आला, दुसऱ्यांदा आरसा बरोबर आहे म्हणून सांगायला, तिसऱ्यांदा त्याच्या घरचे आले. निशातसाठी. मुबीन त्या दिवशी दुकानात नव्हता, त्यामुळे त्याला ते कळलं नाही. त्याला फक्त अनस दिसायचा. दुकानातल्या प्रत्येक आरशात एकेक.

रसूलनं मुलीला विचारलं. मी तिथंच होतो, मी कुठं जाणार?

"घर चांगलं हाये, बेटा. जुम्म्याले जबाब द्यायचा आहे. तुझ्या मनात दुसरं कोणी असन तं सांग. जबरदस्ती नाई."

निशातनं काचेचा तुकडा हातात फिरवला. "नाव माझ्या तोंडातून निघत नाई, अब्बा," ती म्हणाली. "चेहरा दाखवतो. जुम्म्यापर्यंत काढतो मी. तुमाले पसंत पडला तर हो म्हणा. नाई पडला तर... गोंडपिपरीले होकार कळवा, मी एक शब्द बोलणार नाई."

रसूल हसला. "उमरभर चेहऱ्यांले काच लावली मी. चेहरा पाह्यला की आतला माणूस ओळखतो. काढ." आणि माझ्याकडं वळून बोट दाखवलं. "पत्रू, हे तुझ्या पोटात राह्यलं पाहिजे."

माझ्या पोटावर असा जुलूम कधी कुणी केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी निशातनं मुबीनकडं कोरी फळी मागितली.

"काय काढशील?"

"माणूस."

मुबीनची ब्लेड थांबली. "कोणता माणूस?"

"हाये एक."

ब्लेड पुन्हा चालली ती जरा जोरातच. अस्वलिणीच्या छातीवरचा पांढरा पट्टा तेव्हापासून एका बाजूला लांब आहे.

मग सुरू झाली शिकवणी. निशात फळी गुडघ्यावर आडवी धरायची, वरून दुपट्ट्याचा पदर, मुबीनला काडीभर दिसू द्यायची नाही. फक्त विचारायची.

"नाकावरचा उजेड कसा काढायचा?"

"कोणाचं नाक?"

"नाक नाक असते."

"नाई. बसकं नाक वेगळं, धारदार वेगळं."

"धारदार."

अनसचं नाक धारदार होतं. मुबीनचं तोंड कारलं खाल्ल्यासारखं झालं. बिचाऱ्यानं तेव्हा स्वतःचं नाक चाचपून पाहिलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्हीही आपल्या कामाला लागला असता.

"डोळे झाले," ती दोन-चार दिवसांनी म्हणाली. आवाज एकदम मऊ. "हसणारे काढले मी. तो हसला ना, तर आधी डोळे हसतात त्याचे... तोंड मागून हसते."

"माहीत हाये," मुबीन म्हणाला. अनस हसताना त्याला फक्त दात दिसले होते, पण जळणाऱ्या माणसाला शत्रूचं सगळंच सुंदर दिसतं.

"तुले कसं माहीत?"

"शिकवून राह्यलो म्हणून माहीत. पुढं बोल."

त्या बुधवारी दुपारी बाहेर अनसची जीप थांबलेली. तो दारातल्या आरशापुढं उभा, कंगवा चाललेला. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. आत निशात खाली मान घालून म्हणाली, "मुबीन... केस कसे काढू? लय काळे हायेत त्याचे. दाट. दाढी बी."

आता खरं उत्तर सोपं आहे. काळे केस काढायचेच नसतात. फळीचं काळं तसंच सोडायचं, आणि उजेड पडतो तिथं चार-दोन रेघा. बस. अस्वलीण अशीच झाली होती.

मुबीननं दाराकडं पाहिलं. कंगवा खिशात गेला. अनसनं केसांवरून हात फिरवला, असा की मांजरीला कुरवाळावं.

"एकेक केस कोर," मुबीन म्हणाला. "एक बी सोडू नको."

"सगळे? अस्वलिणीचे तर तू काळेच सोडले होते."

"जनावराचं वेगळं. माणसाचं वेगळं."

"अन् दाढी?"

"दाढी तर आधी."

मी बाकड्यावर एक डोळा उघडला. मुबीननं माझी नजर टाळली.

निशातनं ऐकलं. मेंदीचा हात तिचा. नवरीच्या तळहातावर नखाएवढ्या जागेत अख्खी बाग लावणारा. ती सुई घेऊन बसली आणि एकेक केस कोरू लागली. कपाळावर वळलेला तो एक, कानामागं गेलेला तो एक, हनुवटीखाली नुसतीच लव असलेला तो एक. असं वाटायचं की ती बोटांनी भांग पाडते आहे. आणि ती जितका जीव लावी, तितका तो गडी पांढरा होत जाई. प्रेमानं माणूस म्हातारा होतो हे ऐकून होतो, होताना तेव्हाच पाहिलं.

"पांढरं दिसून राह्यलं रे," एकदा ती घाबरून म्हणाली.

"शेवटी पातळ शाईचा एक हात मारला की काळं होते." हे मात्र खरं होतं.

"मले नाई जमणार. सगळं बिघडलं तर?"

"मी मारून देईन."

"जुम्म्याच्या आधी? नक्की?"

"काऊन, जुम्म्याले काय आहे?"

निशात लाल झाली. "काही नाई. तू फक्त ये."

"येतो," मुबीन म्हणाला, आणि मला वाटतं तेव्हा तो येणारही होता. पण गुरुवारी तो शाईची बाटली घेऊन पायरीपर्यंत आला आणि बघतो तर काय! अनसनं स्वतःचा हा एवढा मोठा फोटो फ्रेमला आणलेला, आणि निशात तो दोन्ही हातांनी लांब धरून, मान तिरपी करून, डोळे बारीक करून बघते आहे. फ्रेम केवढी लागेल ते बघत होती हो ती! पण मुबीनला तेवढं कुठलं दिसायला. तो पायरीवरूनच परत फिरला. शटर खाली, फोन बंद. गावभराचे फोन चालू करणाऱ्याचा फोन बंद.

निशात संध्याकाळपर्यंत दाराकडं बघत बसली. मला दोनदा उठवून बसस्टँडला पाठवलं. "बंद हाये," मी येऊन सांगितलं. तिनं दुपट्ट्याखालून त्या फळीला हात लावला. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली, "पत्रूकाका, त्यानं मुद्दाम केलं का?" आणि मी, आयुष्यभर तोंडाला येईल ते सांगत आलेला माणूस, मला त्या पोरीपुढं एक थाप सुचली नाही.

शुक्रवारी रसूल नमाजला गेला आणि मी पुन्हा बसस्टँडला गेलो. या वेळी शटर वाजवलं, असं की पलीकडच्या पानठेल्यावरचे लोक पळाले. अर्धं शटर वर झालं. आत मुबीन, डोळ्यांखाली काळं, पुढ्यात कुणाचातरी उघडून ठेवलेला मोबाईल.

"निशात आज बापाले तिच्या माणसाचा चेहरा दाखवून राह्यली," मी सांगितलं. पोटाचं वचन तिथंच सांडलं. "रसूलले पटला तर लग्न. नाई पटला तर तिच्या मनातलं मनातच राह्यन, अन् ती एक शब्द बोलणार नाई. तसंच कबूल केलं तिनं."

"कोणाचा चेहरा?"

"मी कुठी पाह्यला? पदराखाली असते तो."

मुबीन उभा राहिला. "पत्रूकाका... त्याचे केस पांढरे हायेत."

"कोणाचे?"

"अनसचे. मी केले. मी तिले मुद्दाम चुकीचं सांगितलं." तो बोलत होता आणि हात कपाटात शाई शोधत होते. "रसूलचाचा म्हाताऱ्याले हो कसं म्हणतील? ते नाई म्हणतील, अन् ती गप बसन. माझ्यामुळं."

"मंग आता काय करतोस?"

"त्याले काळं करून येतो."

"अनसले?"

"हो!" त्याचा आवाज फाटला. "तिले तो पाहिजे तर भेटला पाहिजे ना. जवान भेटला पाहिजे."

मी त्याला खरं सांगू शकलो असतो. माझा अंदाज होताच. पण जळणारा माणूस जेव्हा स्वतःच्या हातानं दुसऱ्याचे केस काळे करायला निघतो, तेव्हा त्याला अडवणारा मी कोण? मी मागं मागं पळालो. गुडघ्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं होतं, ते त्या दिवशी ओरडायला लागले.

आम्ही दुकानात पोचलो तेव्हा रसूल चित्रावरचा पदर बाजूला करून फळी हातात घेऊन उभा होता. त्यानं चष्मा लावला. काढला. कुर्त्याला पुसला, पुन्हा लावला. निशात खाली बघत, पायाच्या बोटांनी फरशीवरचा काचेचा चुरा गोळा करत.

"बेटा," रसूल म्हणाला, "हा तर म्हातारा हाये."

आणि त्यानं मान वर केली. दारात मी. माझी पांढरी दाढी, माझे पांढरे केस. रसूलची नजर फळीवर, फळीवरून माझ्यावर, माझ्यावरून फळीवर.

"पत्रू!"

"काय झालं?"

"माझा चहा पिऊन... माझ्याच बाकड्यावर बसून... माझ्याच पोट्टीवर...!" त्यानं काच मोजायची लाकडी पट्टी उचलली.

मी फळी पाहिली. पांढरे दाट केस, भरघोस पांढरी दाढी, धारदार नाक, हसरे डोळे. खोटं बोलणार नाही. पट्टी डोक्यावर असतानाही क्षणभर मलाच वाटलं, अरे वा.

"अब्बा! पत्रूकाका नाईत ते!"

"मंग अहेरीत एवढी पांढरी दाढी कोणाची हाये?"

"चाचा." मुबीन पुढं आला. शाईची बाटली छातीशी, डोळे जमिनीवर. "चूक माझी हाये. केस काळेच हायेत त्याचे. निशातनं विचारलं तवा मी जळून चुकीचं सांगितलं. तिची काही चूक नाई. चांगला पोट्टा हाये तो. घर चांगलं हाये. मले द्या, मी आता काळे करून देतो. मंग पाहा तुमी... अन् हो म्हणा."

"कोण पोट्टा?" रसूलनं विचारलं.

"अनस."

निशातची मान झटकन वर आली. "कोण?"

पण मुबीननं फळी हातात घेतली होती. काउंटरवर ठेवली, भिंग डोळ्यावर ओढलं, ब्रश शाईत बुडवला, तो केसांवर नेला... आणि थांबला.

डावी भुवई. तिचेही केस एकेक कोरलेले, एक बी न सोडता. फक्त मधे एक बारीकशी रेघ काळीच राहिलेली. तिथं सुई लागलीच नव्हती. तिथं केस नसतातच.

ब्रशवरचा थेंब काउंटरवर पडला. मुबीनचा हात हळूहळू स्वतःच्या भुवईकडं गेला.

"हा... हा मी हाये?"

"नाई," निशात म्हणाली, "अस्वलीण हाये."

"तू मले म्हातारा केला."

"तूच केला. एक बी सोडू नको कोण म्हणालं होतं? दाढी तर आधी, कोण म्हणालं होतं?" तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती, आणि यातलं आधी काय करावं ते तिला कळत नव्हतं. "मी काल दिवसभर वाट पाह्यली तुझी. मले वाटलं तुले कळलं... अन् तुले नको हाये मी. म्हणून तू बिघडवलं."

"मले वाटलं तो अनस हाये."

"अनसच्या भुवईत रेघ हाये का?"

"त्याची भुवई कोण पाह्यते? मी तर कंगवाच पाहून राह्यलो होतो."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. "जळला तू?"

"जळलो."

"किती?"

"मोहाखालचा पाला जाळतात ना..." मुबीन म्हणाला. "तसा. खालून सगळा."

बाहेर बाजार चालू होता, कुणीतरी वांग्याचा भाव विचारत होतं, आणि आत दोघं एकमेकांकडं अशी बघत होती की मी आणि रसूल, दोघांनी एकदम आढ्याकडं पाहिलं. आढ्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी आम्ही बराच वेळ पाहिलं.

शेवटी रसूल खाकरला. चष्मा लावून त्यानं फळी उचलली, मुबीनच्या चेहऱ्याशेजारी धरली. "हं," म्हणाला. "मी पहिलेच ओळखलं होतं."

"पट्टी तर माझ्यावर उचलली होती," मी म्हणालो.

"तू गप बस." मग मुबीनकडं वळला, आणि आवाज बापाचा झाला. "पोट्टीले खोटं शिकवलं तू. जळून. उद्या पुन्हा जळला तर?"

मुबीननं ब्रश खाली ठेवला. "जळीन, चाचा. नाई जळणार असं कसं सांगू? पण खोटं नाई शिकवणार. अन् आज तर मी दुसऱ्याचे केस काळे करायला आलो होतो."

रसूलनं त्याच्याकडं पाहिलं. मग त्या चित्राकडं. बाप लोक मुलीचं काम कसं बघतात, एकेक रेघ, तसं. मुलीनं यातला एक केससुद्धा कंटाळून कोरला नव्हता, एवढं त्याला चष्म्याशिवायही दिसलं असणार.

"गोंडपिपरीले मी नकार कळवतो," तो म्हणाला. "हा म्हातारा मले पसंत हाये."

मुबीननं खाली वाकून पुन्हा ब्रश घेतला. "दे निशात, काळे करून देतो. एका हातात जवान होईन."

निशातनं त्याचं मनगट धरलं. बापासमोर. मी आढ्याकडं बघायला विसरलो.

"राहू दे."

"काऊन?"

"त्या अस्वलिणीच्या डोळ्यांत तू आठवडाभर पाह्यलं म्हणे." ती हळू बोलत होती, पण दुकानातल्या प्रत्येक काचेनं ऐकलं. "मी तुले असा होईपर्यंत पाह्यलं. एकेक केस... अजून बी पाह्यन. खरोखर असा होईपर्यंत."

मुबीनचे आधी डोळे हसले. तोंड मागून हसलं.

रसूलनं त्याच दिवशी काच कापली. आणि बसवायच्या आधी सवयीनं त्यानं ओलं फडकं उचललं, तेव्हा आम्ही तिघं असे ओरडलो की बाजारातली सगळी वांगी एका उडीत टोपल्यात परत गेली.

अनसनं पुढच्या महिन्यात राजुऱ्याला लग्न केलं. नवरीच्या मेंदीला निशातच गेली होती, आणि मुबीन तिला सोडायला, आणायला, आणि मधे दोनदा उगीच पाणी प्यायला.

आता त्या दोघांच्या घरात दारासमोरच ते चित्र आहे, अस्वलिणीच्या शेजारी. निशात रोज सकाळी ओल्या फडक्यानं त्या म्हाताऱ्यावरची काच पुसते. कपाळ, भुवया, दाढी, सावकाश. अस्वलिणीच्या काचेवर फडकं कधीमधीच फिरतं. आणि मुबीन दारात चहाचा कप घेऊन उभा. परवा मी गेलो होतो तेव्हा त्याची कुरकुर ऐकली.

"रोज त्याच्याकडंच पाह्यतेस तू. मले कधी पाह्यलं का एवढं?"

निशातनं वळून पाहिलं. जवळ आली, त्याच्या दाढीत बोट घातलं आणि एक केस उजेडात धरला. पांढरा. पहिलाच.

"थांब ना," ती म्हणाली. "तिथपर्यंत पोच तर खरा."